रंभाबाईचं भान

लग्न होऊन एकतीस वर्षं झाली, पण रंभाबाईच्या तोंडून दोन शब्द कधी बाहेर पडले नव्हते. एक चंद्र आणि दुसरा भान. कारण नवऱ्याचं नाव चंद्रभान, आणि नवऱ्याचं नाव बाईनं उखाण्याबाहेर घ्यायचं नाही, अख्खंही नाही आणि तोडूनही नाही, असं तिच्या सासूनं पहिल्याच दिवशी उंबऱ्यावर बजावलं होतं. आकाशातल्या चंद्राला ती "वरचा" म्हणे. कपाळावरच्या चंद्रकोरीला नुसतं "कोर". सख्खी बहीण चंद्रकला, तिला "धाकली". आणि कुणी भान हरपून बसलं तर रंभाबाई म्हणे, "ध्यान कुठंय मेल्याचं?" तिच्या समोर कुणी सून "भान राहिलं नाही" म्हणाली, तर ती अशी डोळे वटारून बघे, की त्या सुनेला आपण कुणाच्या सासऱ्याचं नाव घेतलं की काय असं वाटावं.

शिक्षण म्हणाल तर दुसरी, तीही अर्धी. पाटीवर अक्षर अक्षर जोडून वाचता यायचं, त्यापुढं नाही. पण डोकं म्हणजे कणगी होतं कणगी. सिन्नरकडच्या त्यांच्या गावात कुणाच्या लग्नात कुणी कोणतं लुगडं नेसवलं, कुणाची गाय कोणत्या वारी व्याली, कुणाचं पोर पहाटे झालं की दिवेलागणीला, सगळं रंभाबाईच्या डोक्यात. तिथी विचारायला लोक भटजीकडं जात, बाकी सगळं विचारायला रंभाबाईकडं. उखाण्यांचं तर विचारूच नका. नवऱ्याच्या नावामुळं तिला "आन"मध्ये संपणारे शब्द लागत. पान, रान, मान, कान, तहान, लहान. बायका कवड्या जमवतात, तसे ती हे शब्द जमवायची. एकदा म्हटलेला उखाणा त्याच मांडवात दुसऱ्यांदा म्हणायची नाही, असा तिचा कायदा.

तारापूरला ॲटमिकचं काम निघालं आणि आधी लेक बन्सी फिटर म्हणून आला, मागोमाग चंद्रभानराव तिथंच गोदामावर राखणीला लागले. बिऱ्हाड सालवडला. आठ खोल्यांची पत्र्याची चाळ, आठांत मिळून एक नळ. घरात सून पुष्पलता, सातवी पास, बोलायला हळू आणि लिहायला भारी. शिवाय गावाकडची दोन सडी पोरं, मारुती आणि शिवाजी, जेवायला. चार पुरुष, चार डबे, आणि पाळ्या दर पंधरवड्याला फिरत्या. ठेकेदाराचा ट्रक नाक्यावर यायचा, हॉर्न द्यायचा, आणि पानाची पिंक टाकायला लागतो तेवढाच वेळ थांबायचा. बारा वाजता यायचा तो पहिल्या पाळीचे डबे न्यायला, अडीचला यायचा तो दुसऱ्या पाळीची माणसं आणि त्यांचे डबे न्यायला. चाळीतल्या बायका त्या हॉर्नला भोंगा म्हणत. भोंगा चुकला की माणूस उपाशी.

रंभाबाईनं पहिल्या दिवसापासून सगळं आपल्या हातात घेतलं. मारुतीला वांगं चालत नाही. शिवाजीचा उपास. बन्सीला पोळी कडक नको. ह्यांना चिंच नको, चिंचेनं दात आंबतात आणि मग गोदाम राखण्याऐवजी दात राखत बसतात. शिवाय नळ पहाटे तासभरच, रॉकेल मंगळवारी, रेशनची साखर आली का बघायची, आणि कुणाची पाळी कोणती हे सगळ्यात वर. सून एकदा म्हणाली होती, मी डबे भरू का, आत्याबाई? तर रंभाबाई म्हणाली, "तू भर, आणि मग चौघांनी एकमेकांचे डबे शोधत फिरू दे." सून कागदावर काहीबाही टिपून ठेवायची, त्यावर रंभाबाईचं मत ठरलेलं: लिहून ठेवणारा माणूस विसरायची परवानगीच घेत असतो.

आणि मग, सालवडला वर्ष होतं न होतं, तर तीच विसरायला लागली.

आधी आमटीत मीठ दोनदा पडलं. तिनं पाणी ओतून निभावलं. मग एकदा नळाखाली कळशी लावून ती घरात आली आणि स्टोव्हकडं बघत राहिली; बाहेर मैनाबाईनं साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं सांगितलं की कुणाची तरी कळशी गंगेला मिळायला निघालीय. ही मैनाबाई शेजारच्या खोलीतली, खानदेशची. तिचं तोंड रंभाबाईच्याच तोडीचं, त्यामुळं दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे.

सगळ्यात वाईट झालं ते केरसुणीचं. रंभाबाई बोईसरच्या बाजारात जायची, आणि दुकानाच्या रांगेपुढं उभी राहिली की मन पाटीसारखं कोरं. काय घ्यायला आलो? डोळे मिटावेत तर आत नुसते डबे वाजायचे. रिकाम्या हातानं परतणं तिच्या रक्तात नव्हतं, म्हणून समोर जे दिसेल ते ती घ्यायची, आणि बाजाराच्या तोंडाशीच केरसुण्यांची बाई बसलेली. पहिली केरसुणी आणली तेव्हा सून काही बोलली नाही. दुसरी आणली तेव्हाही नाही. सातवी आणली तेव्हा बन्सी म्हणाला, "आई, आपण आता चाळ झाडायचा ठेका घेऊ." सगळे हसले, रंभाबाईही हसली. पण सातवी केरसुणी तिनं बाकीच्यांमागं दडवून ठेवली.

कारण तिनं सासूचं शेवटचं वर्ष बघितलं होतं. तीच सासू, उंबऱ्यावर बजावणारी, वाघासारखी बाई. शेवटी शेवटी ती पोटच्या पोराला विचारायची, "तू कोणाचा रं?" चुलीपुढं बसून चूल कुठाय म्हणायची. तिच्या कमरेच्या किल्ल्या रंभाबाईनं काढून घेतल्या त्या दिवशी म्हातारी कमरेला हात लावून दिवसभर काहीतरी शोधत होती. ते बघताना रंभाबाई बावीस-तेवीस वर्षांची होती. आता ती सत्तेचाळिशीची होती, आणि आपली चाल त्याच वाटेनं सुरू झाली, अशी तिची खात्रीच पटली. सांगणार कुणाला? ज्या बाईनं साऱ्या गावाची आठवण सांभाळली, तिनं आपलं विसरणं कुणाला सांगायचं?

त्यात दिवाळीला तिनं तोंडाला येईल ते बोलून ठेवलं होतं. रथसप्तमीला आठ खोल्यांचं मिळून एक हळदीकुंकू करायचं ठरलं, तेव्हा मैनाबाई म्हणाली की उखाण्यांची झुंज लावू, जिचा संपला ती खाली बसली. रंभाबाई म्हणाली, "मी खाली बसले तर माझ्या किल्ल्या त्याच जागी सुनेच्या कमरेला." सगळ्या बायकांनी ऐकलं. आता ती रोज पहाटे नळाच्या रांगेत मनाशी उखाणे मोजायची. दिवाळीत ऐंशीपर्यंत जायची. संक्रांतीला चाळीस. मग सव्वीस. जितकी मोजायची तितके पळायचे, जसं कोंबडीच्या पिलांमागं धावावं तसं.

रथसप्तमीला चार दिवस उरले तेव्हा तिला कुणीतरी सांगितलं की पालघरला काष्ठौषधीच्या दुकानात ब्राह्मीचं तेल मिळतं, टाळूवर चोळलं की विसरलेलं सुद्धा आठवतं. गुरुवार होता. बन्सी आणि मारुती पहिल्या पाळीला, चंद्रभानराव आणि शिवाजी दुसऱ्या. तिनं भाजी-आमटी पहाटेच करून ठेवली, पोळ्या फडक्यात बांधल्या, सुनेला सांगितलं, कशाला हात लावू नको, मी अकराच्या आत येते आणि डबे मीच भरते. कुठं जाते ते सांगितलं नाही. पालघरला गेली, बाटली घेतली, पदरात गुंडाळली, आणि परतीच्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसली.

बसली, पण डोकं कुठं बसतंय? आज पहिल्या पाळीत कोण? बन्सी आणि मारुती. मारुतीला वांगं नको, आणि आज वांगंच केलंय. म्हणजे त्याला पिठलं. पिठलं करायला रॉकेल हाय का? मंगळवारी आणलं का न्हाई? मंगळवारी तर केरसुणी आणली. गाडी थांबली, तिला वाटलं आलं बोईसर, ती पिशवी उचलून ताडकन उतरली. गाडी सुटली. समोरची पाटी तिनं अक्षर अक्षर लावून वाचली. उ. म. रो. ळी. आणि मग हाताला पिशवी लागली, पण बाटली लागली नाही. बाटली बाकावर. आठवणीचं औषध गाडीत विसरून रंभाबाई उमरोळीला उतरली होती.

स्टेशनातला माणूस म्हणाला, पुढची गाडी दीडला. त्याच्या आधी काही नाही.

आधी ती फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मग तिनं हिशेब केला की चालत निघालं तर काय. मग उन्हाकडं बघितलं. बारा वाजत आले. आता भोंगा होईल, ट्रक येईल, पिंक टाकेल, जाईल. बन्सी उपाशी, मारुती उपाशी. आणि त्यावर इथून करता येण्यासारखं काहीही नव्हतं. कसलंही नाही. ती फलाटामागच्या करंजाच्या झाडाखाली धपकन बसली.

तिथं आधीपासून एक बाई बसली होती. शेजारी लाकडाची मोळी, पायाशी पानात बांधलेलं काहीतरी. डोंगराकडची, तिच्याच वयाची, अंगानं काटक. नाव भागी. बोईसरला लाकडं विकायला निघाली होती. रंभाबाईचा चेहरा बघून तिनं विचारलं की घरात कुणी गेलं काय. रंभाबाई म्हणाली, कुणी गेलं न्हाई, डबे गेले न्हाईत. भागीला त्यातलं काही कळलं नाही, पण तिनं पान उलगडलं, रानातले उकडलेले कंद, करांदे, पुढं केले. रंभाबाईनं एरवी वाटेत कुणाच्या हातचं खाल्लं नसतं. पण पहाटेपासून पोटात चहा सोडून काही नव्हतं, आणि आठवलं की सकाळी खायचंच ती विसरली होती. तिनं एक घेतला. मग दुसरा घेतला.

खाता खाता सगळं बाहेर पडलं. परक्या माणसापाशी पडतं तसं. चार डबे, पाळ्या, नळ, रॉकेल, वांगं, सात केरसुण्या. भागी ऐकत होती आणि केरसुणीपाशी आल्यावर ती इतकी हसली की मोळीला टेकावं लागलं. मग म्हणाली, "तुमी दोन मोळ्या नेता, बाई."

"माझ्यापाशी कुठं मोळी हाय?"

"डोक्यात हाय ना. आगुदर मी पन दोन न्यायची. माझ्या मानेत जोर हाय, दोन बसतात. पन दोन घेतल्या तं पाय कुठं पडतो ते दिसत नाय. एक दिस पडली. दोनी मोळ्या गेल्या, वरून पाय मोडला. लोक बोलले भागी म्हातारी झाली." तिनं करांद्याचं साल थुंकलं. "म्हातारी कशाची? वाट दिसत नव्हती."

"मग आता दुसरी मोळी?"

"दुसरी मंगळी नेते. सून माझी. वाकडी बांधते. पन नेते."

रंभाबाई फणकारली. तुझ्या सुनेची मोळी वाकडी झाली तर लाकूड लाकूडच राहतं, माझी सून चुकली तर चिंचेत दात जातात. भागी म्हणाली, बरं. वाद घालायची तिला गरज नव्हती. थोड्या वेळानं तिनं सहज विचारलं, तुमच्या दादल्याचं नाव काय?

रंभाबाई म्हणाली, घेत नसतात.

"माझ्याचं झिपरू," भागी म्हणाली. "घेतलं. काय झालं मला?"

रंभाबाईनं तिच्याकडं बघितलं, वर करंजाकडं बघितलं. वारा होता. पानं सळसळत होती. कुठं कसला भोंगा नव्हता, नळ नव्हता, कुणी हाक मारत नव्हतं. आणि न मोजता, न शोधता, तिच्या ओठांवर आलं:

"करंजाच्या झाडाखाली गार वाटतं पान,
गाडी गेली बोईसरला, उपाशी चंद्रभान."

भागीनं विचारलं यात नाव कुठंय. शेवटी हाय, रंभाबाई म्हणाली, आणि परत म्हणून दाखवलं, पण कायद्याप्रमाणं तोच नाही, दुसरा. मग तिसरा. मांडवातले, बारशातले, ओटीभरणातले, नणंदेनं दार अडवलं तेव्हाचे, सगळे एकामागून एक यायला लागले, जसं कणगीचं बूच काढल्यावर धान्य धो धो यावं. भागी बोटांवर मोजत होती, बोटं संपली की खडा ठेवत होती. दीडची गाडी आली तेव्हा सहा खडे होते आणि वर चार बोटं.

चौसष्ट. रंभाबाई गाडीत चढताना एखाद्या नव्या नवरीसारखी चढली. भागीची मोळी तिनंच खालून हात लावून वर ढकलली.

मात्र बोईसर आलं आणि डबे परत डोक्यात वाजायला लागले. सालवडपर्यंत ती जवळजवळ पळतच आली. अडीचचा ट्रकही गेलेला. चाळीच्या तोंडाशी मैनाबाई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आज डबे वेळेवर गेले हो रंभाबाई. रोज जातात त्याहून दोन मिनिटं आधी."

घरात सगळं शांत. भांडी घासून पालथी घातलेली. पुष्पलता खाली बसून शेंगा फोडत होती, सासूला बघून उठली, पाण्याचा तांब्या दिला, आणि कुठं होतात असं विचारायचं धैर्य तिला झालं नाही. रंभाबाई पाणी प्यायली. मग तिची नजर पिठाच्या डब्यामागं गेली. भिंतीला कागद चिकटवला होता, खळीनं, आतल्या बाजूला, सहज दिसू नये असा. तिनं डबा सरकवला आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"मा-मं-जीं-ना चिंच नाही. मा-रु-ती-भा-ऊ वांगं नाही, पि-ठ-लं. शि-वा-जी-भा-ऊ गु-रु-वार, सा-बु-दा-णा." खाली पाळ्या, प्रत्येक पंधरवड्याच्या. रॉकेल मंगळवार. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: "के-र-सु-ण्या सात. आ-त्या-बा-ई बा-जा-रा-त नि-घा-ल्या की काय आ-णा-य-चं ते दा-रा-त प-र-त वि-चा-र-णे. आ-म-टी चा-खू-न मीठ ब-घ-णे."

खोलीत शेंगा फोडल्याचा आवाज थांबला. म्हणजे पोरीला ठाऊक होतं. कितीतरी दिवसांपासून. आमटी खारट होत नव्हती ती रंभाबाईच्या सावरण्यानं नव्हे. तिला संताप आला, मग लाज आली, आणि मग त्या दोन्हींच्या खालून भलतंच काहीतरी वर आलं, मानेवरून ओझं उतरावं तसं. पण तसं ती दाखवेल तर रंभाबाई कसली? तिनं कागदावर बोट ठेवलं.

"शिवाजीनं गुरुवार सोडला. आता शनिवार धरतो. गेल्या महिन्यात माझ्यादेखत बोलला."

पुष्पलतेचा चेहरा उतरला. "म्हणजे आज त्यांना डब्यात नुसताच साबुदाणा..."

"नुसताच साबुदाणा. आणि दुसऱ्या पाळीत. अकरा वाजेपर्यंत." रंभाबाईच्या ओठांचा कोपरा हलला. पहिल्यांदा सासू हसली की सून, ते सांगता येणार नाही, पण शेजारून मैनाबाईनं भिंतीवर थाप मारून विचारलं की काय झालं.

शिवाजी दुसऱ्या दिवशी जेवायला आला तेव्हा म्हणाला की काकू, साबुदाणा चांगला होता, मला वाटलं मीच कुठला तरी उपास विसरलो.

त्या दिवशी सकाळी चंद्रभानराव अंगणात चहा पीत असताना रंभाबाई त्यांच्याजवळ जाऊन बसली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिनं सुरुवात कशी करावी ते शोधलं. मग सांगितलं. तुमच्या आईसारखं होतंय मला. तेल, गाडी, केरसुण्या, सगळं. चंद्रभानराव बशीत चहा ओतत होते, ते थांबले. मोजकं बोलणारा माणूस. म्हणाले, "आईला मी कोण ते कळत नव्हतं. तुला मी कोण ते चांगलं कळतं. रोज सांगतेस मला, मी कोण आहे ते."

"थट्टा करू नका."

"थट्टा नाही. गोदामाला चार दारं आहेत. मी एका दारावर असतो तेव्हा कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, सगळं सांगतो. परवा माणूस आला नाही म्हणून चारही दारं माझ्यावर टाकली, तर साहेब स्वतः माझ्यासमोरून गेले आणि मला दिसले नाहीत." त्यांनी बशी तोंडाला लावली. "डोळे गेले म्हणून नाही. दारं जास्त झाली."

रंभाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, चहात साखर कमी हाय का? ते म्हणाले, नाही, दोनदा पडलीय.

दुसऱ्या दिवसापासून तिनं हुकूम काढला. मागणं नाही, हुकूम. डबे सुनेचे. पाळ्या सुनेच्या. रॉकेल आणि रेशन बन्सीचं, त्याला सुट्टीच्या दिवशी झोपा काढायला घर दिलेलं नाही. मीठ मात्र माझं. कागद डब्यामागं नाही, बाहेर लावायचा, आणि अक्षर मोठं काढायचं, घरात दुसरी पास माणसंही राहतात.

पहिले दोन दिवस तिचे हात नुसते शिवशिवत होते. बारा वाजत आले की ती उठायची, परत बसायची. दाराशी जाऊन ट्रक बघून यायची.

रथसप्तमीला चाळीपुढं सारवून सतरंज्या टाकल्या. आठ घरांतल्या बायका नटून आल्या, कोण साताऱ्याची, कोण खानदेशची, कोण मराठवाड्याची, केळव्याहून एकीची बहीण सुगंधा आली होती ती नारळ आणि सुपाऱ्या घेऊन. रंभाबाईनं भागीलाही सांगून ठेवलं होतं. ती लाकडं विकून आली आणि मोळीखालची चुंबळ रिकामी मांडीवर ठेवून कडेला बसली. तिळगूळ झाला, ओट्या झाल्या, आणि झुंज सुरू झाली.

बारा-पंधरा फेऱ्यांत बाकीच्या बसल्या. उरल्या दोघी. मैनाबाई पक्की होती. तिचा उखाणा एकच, फक्त त्यातलं स्टेशन बदलायचं. जळगाव झालं, भुसावळ झालं, पाचोरा झालं, चाळीसगाव झालं. बायका कुजबुजल्या की आता ही मुंबईपर्यंत येणार. रंभाबाई एकेक उखाणा असा टाकत होती, जसं सुगरण तव्यावर भाकरी टाकते. चाळीस झाले. पन्नास झाले. मैनाबाईनं इगतपुरी घेतलं, कसारा घेतलं, आणि घाट उतरल्यावर तिची स्टेशनं संपली. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "आता एक घ्या, व माय, एवढाच. चुकला तर दोघी बसू."

रंभाबाई उभी राहिली. पहिला शब्द जिभेवर आला होता. आणि नाक्यावर भोंगा झाला.

अडीच. एकतीस वर्षांचं नाही, फक्त एका वर्षाचं वळण, पण अंगात असं मुरलेलं की तिची मान तिच्या नकळत नाक्याकडं वळली. ह्यांचा डबा. शिवाजीचा डबा. चिंच. पाळी. आणि उखाणा गेला. फांदीवरून पाखरू उडावं तसा गेला. समोर तीस डोळे. तिचा हात कमरेच्या किल्ल्यांकडं गेला, आणि त्या क्षणी तिला सासूचा हात दिसला, कमरेपाशी चाचपडणारा.

मागून पुष्पलता हळूच म्हणाली, जणू दुसरंच काही सांगतेय अशा आवाजात:

"आत्याबाई, डबे गेले."

रंभाबाईनं मागं वळून बघितलं नाही. तिनं एक श्वास घेतला, सोडला. खांदे खाली आले. कडेला भागीनं चुंबळ उचलून दाखवली, रिकामी. आणि रंभाबाई हसत म्हणाली:

"भोंगा झाला, डबे गेले, हलकी झाली मान,
सुनेला दिली दगदग सारी, माझ्यापाशी चंद्रभान."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग पुष्पलतेला कळलं, तिनं तोंडाला पदर लावला. मग मैनाबाईला कळलं, आणि ती मांडीवर थाप मारून म्हणाली की एकतीस वर्षं जो शब्द बाईनं जिभेला लावला नाही, तो नवऱ्याच्या आडून बरोबर बोलून घेतला. हसणं असं उसळलं की शेजारच्या चाळीतली पोरं बघायला आली.

मैनाबाईनंच मग हळद लावता लावता म्हटलं, वाचल्या बाई तुमच्या किल्ल्या. रंभाबाईनं कमरेचा आकडा सोडला. तीन किल्ल्यांतली एक काढली, फडताळाची, डाळ-तांदळाची. सुनेचा हात धरून तळव्यात ठेवली.

बायका म्हणाल्या, अहो, तुम्ही तर जिंकलात.

"म्हणून देतेय," रंभाबाई म्हणाली. "हरले असते तर दिली नसती. रंभाबाईच्या हातातून हरून काही सुटत नाही."

मग वाणं लुटायची वेळ झाली. कुणी कुंकवाच्या डब्या आणल्या होत्या, कुणी चाळण्या, कुणी फण्या. रंभाबाई आत गेली आणि गाठोडं घेऊन बाहेर आली. सोडलं तर आत केरसुण्या. एक घरची ठेवून सहा. केरसुणी म्हणजे लक्ष्मी, त्यामुळं नाक मुरडायला कुणाला जागाच नव्हती. साताऱ्याच्या बाईनं तर कपाळाला लावून घेतली. भागीला दिली तेव्हा ती म्हणाली, ही पन डोक्यावर नेऊ का? रंभाबाई म्हणाली, ही मंगळीला दे.

शेवटची मैनाबाईच्या ओटीत पडली. तिनं ती उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "पण मला एक सांगा रंभाबाई, सात सात केरसुण्या आणताना तुमचं भान कुठं होतं?"

रंभाबाईनं डोळे वटारले.

"गोदामावर," ती म्हणाली. "दुसऱ्या पाळीला."